क्रुसेडर किंग्ज ३ मधील डावपेच

क्रुसेडर किंग्ज ३ हा मध्ययुगीन राजघराण्यांचा कारभार, युद्धे आणि दरबारी कारस्थाने यांवर आधारलेला संगणकीय खेळ आहे. स्वीडनमधील स्टॉकहोम येथील पॅराडॉक्स डेव्हलपमेंट स्टुडिओ या संस्थेने तो तयार केला आणि पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्हने १ सप्टेंबर २०२० रोजी प्रकाशित केला. मार्च २०२२ मध्ये तो प्लेस्टेशन ५ व एक्सबॉक्सच्या नव्या यंत्रांसाठीही उपलब्ध झाला. या मालिकेतील पहिला खेळ २००४ मध्ये, तर दुसरा २०१२ मध्ये आला होता. प्रस्तुत लेखात खेळातील डावपेचांची माहिती दिली असून नवशिक्या खेळाडूला हमखास अडखळवणाऱ्या वारसाहक्काच्या प्रश्नावर अधिक भर दिला आहे.

हा खेळ मराठी भाषेत उपलब्ध नाही. त्यामुळे पारिभाषिक शब्दांसाठी येथे जवळचे मराठी पर्याय योजले आहेत.

स्वरूप

खेळाडू इ.स. ८६७ किंवा इ.स. १०६६ या वर्षांपासून सुरुवात करू शकतो. २०२४ मध्ये आलेल्या 'रोड्स टू पॉवर' या विस्तारात इ.स. ११७८ हे तिसरे वर्ष जोडले गेले. इ.स. १४५३ मध्ये, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या पाडावाच्या वर्षी, खेळ संपतो. मूळ नकाशा आइसलँड व आयर्लंडपासून भारत व तिबेटपर्यंत पसरलेला होता. २०२५ मधील 'ऑल अंडर हेवन' या विस्ताराने त्यात चीन, जपान व आग्नेय आशियाची भर पडली.

या खेळात खेळाडू देश चालवत नाही, एक व्यक्ती चालवतो. त्या व्यक्तीला वय, आजार, स्वभाव, नातेवाईक आणि शत्रू असतात. ती मरण पावली की खेळाडू तिच्या वारसाच्या भूमिकेत जातो. बुद्धिबळाच्या पटावरील राजा कधी म्हातारा होत नाही आणि त्याला भांडणारे चार मुलगेही नसतात. बुद्धिबळाच्या सवयीने या खेळाकडे येणारा येथेच फसतो. जिंकण्याची अशी एक ठरलेली अटही नाही. घराण्यातील कोणीही सत्तेचा वारस उरला नाही की खेळ संपतो, एवढाच मूळचा नियम आहे.

प्रत्येक व्यक्तीचे पाच मुख्य गुण मोजले जातात: मुत्सद्दीपणा, युद्धकौशल्य, कारभार, कारस्थान आणि विद्वत्ता. प्रत्यक्ष लढण्याचे सामर्थ्य निराळे मोजले जाते. सत्तेची उतरंड बॅरनी, काउंटी, डची, राज्य आणि साम्राज्य अशी आहे. काउंटी म्हणजे साधारणपणे आपल्याकडील परगणा, तर डची म्हणजे अनेक परगण्यांचा सुभा समजण्यास हरकत नाही. एखाद्या डचीचा किंवा राज्याचा किताब नव्याने निर्माण करण्यासाठी तिच्या परंपरागत हद्दीतील निम्म्याहून अधिक काउंट्या ताब्यात असाव्या लागतात.

सुरुवात कोठून करावी

खेळाचा अंतर्भूत पाठ इ.स. १०६६ मधील आयर्लंडमध्ये, मन्स्टरचा लहान राजा मर्चड याच्यापासून सुरू होतो. ही निवड योग्य आहे. आयर्लंड तेव्हा लहानलहान राज्यांत विभागलेले होते, शेजारी बलाढ्य नाहीत आणि चारही बाजूंनी समुद्र आहे. पहिल्याच दशकात एखादी चूक झाली तरी ती निस्तरता येते. याउलट त्याच वर्षीचे इंग्लंड दिसायला आकर्षक असले तरी तेथे विल्यम, हॅरल्ड गॉडविन्सन आणि नॉर्वेचा हाराल्ड हार्ड्राडा हे तिघे एकाच सिंहासनासाठी झुंजत असतात. मोठे साम्राज्य घेऊन सुरुवात करणे सोपे, हा गैरसमज आहे. साम्राज्यात मांडलिक जास्त, म्हणून तक्रारीही जास्त.

आरंभीच्या काही मिनिटांत, काळ पुढे सरकू देण्यापूर्वी, तीन गोष्टी पाहून घ्याव्यात. राजा अविवाहित असल्यास त्याचा विवाह, मंत्रिमंडळातील पाच जागांवरील माणसे, आणि वारसाहक्काचा कायदा. तिसऱ्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात.

वारसाहक्क

खेळाच्या प्रारंभीच्या काळात बहुतेक राज्यांत वाटणीचा कायदा असतो. त्याचे प्रकार आहेत. सर्वांत कठोर असतो तो संघीय वाटणीचा कायदा. त्यात राजाची जमीन व किताब मुलांमध्ये वाटले जातातच. शिवाय नवे राज्य निर्माण होण्याइतकी भूमी असल्यास धाकट्या मुलासाठी थोरल्याच्या बरोबरीचा नवा किताबही निर्माण केला जातो आणि तो मुलगा स्वतंत्र राजा होतो. साध्या वाटणीत असा नवा किताब निर्माण होत नाही. त्यापुढच्या प्रकारात मुख्य वारसाला किमान निम्मा वाटा मिळण्याची शाश्वती असते. सर्व काही एकाच अपत्याला देणारा ज्येष्ठाधिकार मात्र संबंधित संस्कृतीने मध्ययुगाच्या उत्तरार्धातील नवकल्पना आत्मसात केल्यावरच मिळतो. म्हणजे इ.स. ८६७ पासून खेळणाऱ्यास कित्येक पिढ्या वाटणीतच काढाव्या लागतात.

याचा परिणाम असा होतो की, तीस वर्षे लढून जिंकलेले राज्य एका मृत्यूने तीन तुकड्यांत फुटते. खेळाडूला हा अन्याय वाटतो. परंतु खेळाच्या सुरुवातीच्या नकाशावरच त्याचे दाखले आहेत. इ.स. ८६७ मध्ये शार्लमेनचे साम्राज्य त्याच्या वंशजांत विभागलेले दिसते, कारण इ.स. ८४३ च्या व्हर्दँच्या तहाने नातवांनी ते वाटून घेतले होते. इ.स. १०६६ चा दाखला अधिक बोलका आहे. लेओनचा राजा पहिला फर्दिनांद इ.स. १०६५ च्या अखेरीस वारला आणि त्याची राज्ये तीन मुलांत वाटली गेली: सांचोला कॅस्टिल, आल्फोन्सोला लेओन, गार्सियाला गॅलिसिया. खेळ सुरू होतो तेव्हा हे तिघे भाऊ शेजारी शेजारी राज्य करत असतात. इतिहासात पुढे काय घडले ते खेळाडूने वाचून ठेवावे. गार्सियाचे राज्य इ.स. १०७१ मध्ये गेले. जानेवारी १०७२ मध्ये सांचोने आल्फोन्सोचा पराभव करून त्याला परागंदा केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये थामोराच्या वेढ्यात सांचो मारला गेला आणि आल्फोन्सो परत येऊन तिन्ही राज्यांचा धनी झाला. गार्सियाला मात्र आयुष्याची अखेर कैदेतच कंठावी लागली. शालेय पुस्तकांत 'वारसाहक्काचे तंटे' या दोन शब्दांत जे आटोपले जाते, ते हेच.

दख्खनमध्येही याच सुमारास असाच प्रसंग घडला. इ.स. १०६६ मध्ये कल्याणीचा चालुक्य राजा पहिला सोमेश्वर गादीवर होता. त्याने इ.स. १०६८ मध्ये तुंगभद्रेत जलसमाधी घेतली व थोरला मुलगा दुसरा सोमेश्वर राजा झाला. धाकट्या विक्रमादित्याने चोळ राजा वीरराजेंद्र याच्या कन्येशी विवाह करून पाठबळ मिळवले आणि अखेर इ.स. १०७६ मध्ये भावाला पदच्युत करून तो सहावा विक्रमादित्य म्हणून सिंहासनावर बसला. त्याचा दरबारी कवी बिल्हण याने 'विक्रमांकदेवचरित' या संस्कृत काव्यात साहजिकच विजेत्याची बाजू मांडली आहे. या खेळात चालुक्यांकडून खेळणाऱ्याने थोरल्या मुलाइतकेच धाकट्याकडेही लक्ष द्यावे.

वाटणीची हानी कमी करण्याचे काही मार्ग आहेत. पहिला व सर्वांत निर्धोक मार्ग असा: राजाच्या प्रत्यक्ष ताब्यातील काउंट्या शक्यतो एकाच डचीत, राजधानीभोवती असाव्यात, आणि नव्याने जिंकलेली दूरची भूमी हयातीतच धाकट्या मुलांना द्यावी. वाटणीच्या वेळी त्यांच्याकडे आधीपासून असलेले किताब विचारात घेतले जातात, त्यामुळे मूळ गाभा थोरल्याकडे राहण्याची शक्यता वाढते. दुसरा मार्ग अनावश्यक किताब न बाळगण्याचा. दोन राज्यांचे किताब धारण करणे मानाचे वाटते, पण वाटणीत दुसरे राज्य दुसऱ्या मुलाला स्वतंत्रपणे मिळते. असा किताब मोडून टाकता येतो, अथवा निर्मितीची अट पूर्ण होत असूनही तो निर्माण न करणे शहाणपणाचे ठरते. अर्थात संघीय वाटणीत हा दुसरा उपाय चालत नाही, हे लक्षात ठेवावे. तिसरा मार्ग एक पायरी वर चढण्याचा आहे. राजा सम्राट झाला की धाकट्या मुलांना मिळालेली राज्ये थोरल्याच्या साम्राज्याखाली मांडलिक म्हणून राहतात. भाऊ फुटून जात नाहीत, मात्र नाराज मांडलिक म्हणून घरातच राहतात. हे बरे की वाईट, हे खेळाडूच्या कारस्थान-कौशल्यावर अवलंबून असते.

काही संस्कृतींत निवडणुकीची पद्धत आहे. तीत ज्या किताबासाठी निवडणूक लागू असते तो मतदारांनी निवडलेल्या उमेदवाराकडे जातो. मते मांडलिकांची असल्याने त्यांना खूश ठेवावे लागते, परंतु मुलांपैकी सर्वांत लायक मुलगा निवडून आणण्याची सोय होते.

कुलप्रमुखाला घराण्याची कीर्ती खर्च करून एखाद्या मुलाला वारसाहक्कातून वगळता येते. ख्रिस्ती राजाला मुलाने संन्यस्त मठवासी व्हावे असे सुचवता येते. धाकट्या मुलांना मुद्दाम रणांगणात पुढे धाडण्याचा सल्लाही खेळाडू एकमेकांना देतात. नियमांत तो बसतो, आणि अशा पितृत्वाची उदाहरणे इतिहासातही शोधल्यास सापडतील. तथापि हा उपाय बेभरवशाचा आहे, कारण पुष्कळदा थोरलाच मरतो.

वारसाचे वय हा दुर्लक्षित मुद्दा आहे. राजा दीर्घायुषी व्हावा म्हणून खेळाडू विद्वत्तेच्या जीवनशैलीतील आरोग्यवर्धक गुण मिळवतात. पण राजा पंचाहत्तराव्या वर्षी वारला तर वारस पन्नाशी ओलांडलेला असतो आणि थोड्याच वर्षांत पुन्हा सत्तांतर होते. दुसऱ्या टोकाला, वारस अज्ञान असेल तर राज्य पालकाच्या हाती जाते आणि महत्त्वाकांक्षी पालक सत्ता सहजासहजी सोडत नाही. वारस पंचवीस ते पस्तीसच्या दरम्यान असणे सोयीचे. त्याच्या शिक्षणाकडेही लक्ष द्यावे. मुलाला नेमून दिलेल्या गुरूचे कौशल्य आणि मुलाचा उपजत कल या दोहोंवर सोळाव्या वर्षी मिळणारी शैक्षणिक पात्रता ठरते. कल युद्धाचा असताना मुलाला हिशेबाला बसवले तर फळ बेताचेच मिळते, हे खेळाच्या निर्मात्यांनी अचूक टिपले आहे.

सत्तांतरानंतरची पहिली वर्षे

नवा राजा आला की मांडलिकांच्या मनात त्याच्याविषयी अल्प कारकिर्दीची अढी असते. जुन्या राजाची दहशत त्याच्याबरोबर संपते. त्याने केलेले मैत्रीकरारही टिकतीलच असे नाही, कारण या खेळात करार दोन राज्यांत होत नाहीत, दोन व्यक्तींत होतात. वर उल्लेखिलेल्या विक्रमादित्याला हेच अनुभवास आले. त्याचा सासरा वीरराजेंद्र इ.स. १०७० च्या सुमारास वारला, पुढे चोळांची गादी पहिल्या कुलोत्तुंगाकडे गेली आणि काल मित्र असलेले चोळ राज्य शत्रुपक्षाकडे वळले.

म्हणून राजा साठीकडे झुकला की नवी मोहीम काढू नये. खजिन्यात सोने साठवावे. ते वारसाच्या हाती येते आणि पहिल्या वर्षी बलाढ्य मांडलिकांना भेटी देण्यास किंवा भाडोत्री सैन्य ठेवण्यास उपयोगी पडते. नव्या राजाने प्रथम बहीण-भाऊ व मुले यांचे विवाह जुळवून नवे करार करावेत, सर्वांत बलवान मांडलिकांना मंत्रिमंडळात घ्यावे आणि पाच-सहा वर्षे तरी शांत बसावे. बलवान मांडलिकाला मंत्रिपद न मिळाल्यास तो त्या अपमानाची नोंद ठेवतो. तो अडाणी असला तरीही त्याला मंत्रिपद द्यावे की नाही, हा प्रश्न खेळाडूला वारंवार पडतो. कारभाऱ्याच्या किंवा सेनापतीच्या जागी मंद माणूस सोसता येतो, हेरप्रमुखाच्या जागी नाही.

दरबार आणि कारस्थान

मंत्रिमंडळात चॅन्सेलर, कारभारी, सेनापती, हेरप्रमुख आणि दरबारी धर्मगुरू असे पाच जण असतात. मराठी वाचकाला येथे अष्टप्रधान आठवतील; चॅन्सेलरचे काम बरेचसे सुमंतासारखे आहे. हेरप्रमुख निवडताना कौशल्यापेक्षा निष्ठा पाहावी. अत्यंत कुशल परंतु राजाचा द्वेष करणारा हेरप्रमुख राजाविरुद्धच्या कटात सामील झाला तर त्यातून वाचणे कठीण असते.

हेरप्रमुखाला इतरांची गुपिते शोधण्याच्या कामावर लावता येते. व्यभिचार, अनौरस संतती, खून, अशी गुपिते हाती लागली की त्या व्यक्तीवर 'पकड' मिळते. कच्ची पकड एकदाच वापरता येते. पक्की पकड काही काळाच्या अंतराने पुन्हा पुन्हा उपयोगी पडते. पकडीचा उपयोग पैसे उकळण्यासाठी करणे हा तिचा सर्वांत हलका वापर होय. मांडलिकाचा करार आपल्या बाजूने बदलून घेणे, निवडणुकीत त्याचे मत मिळवणे किंवा त्याला नकोशा विवाहाला राजी करणे, यांत तिचे मोल अधिक. नाराज मांडलिक जे गट करतात त्यांतून एखाद्याला बाहेर ठेवण्यासही पक्की पकड उपयोगी ठरते.

हे गट निरनिराळ्या मागण्यांसाठी बनतात: स्वातंत्र्य, राजाच्या अधिकारांत कपात, दुसऱ्या दावेदाराला सिंहासन. गटाचे एकत्रित सैन्यबळ राजाच्या तुलनेत पुरेसे वाढले की तो निर्वाणीचा खलिता पाठवतो. खलिता येण्याची वाट पाहू नये. गटातील सर्वांना खूश करण्याची गरज नसते. दोन मोठे सदस्य फोडले की उरलेल्यांचे बळ पुरत नाही. एकाला मुलगी देऊन सोयरा करावे, दुसऱ्याची मर्जी संपादावी. सोयरिकीने मैत्रीकरार झालेला मांडलिक राजाविरुद्धच्या गटात जात नाही.

खुनाच्या कटात बळीच्या निकटच्या माणसांना साहाय्यक म्हणून ओढावे लागते. यश आणि गुप्तता यांची शक्यता स्वतंत्रपणे दाखवली जाते. नवशिके पहिलीच पाहतात. उघडकीस आलेला खून, विशेषतः स्वकीयाचा, राजाला 'कुलघातकी' हा डाग देतो आणि त्याची झळ पुढे वर्षानुवर्षे लागते. शिवाय सहृदय स्वभावाच्या राजाने खून करवला तर त्याचा मानसिक ताण वाढतो. ताण मर्यादेबाहेर गेला की तो मद्यपानासारख्या व्यसनाच्या आहारी जातो किंवा खचतो. हावऱ्या राजाला दानाने, लाजाळू राजाला लोकांत मिसळण्याने असाच ताण येतो. हा नियम खेळाचा आत्मा म्हणावा लागेल. एकच चतुर खेळाडू पिढ्यान्‌पिढ्या राज्य करत असला तरी प्रत्येक राजाच्या स्वभावाप्रमाणे त्याला डावपेच बदलावे लागतात. क्रूर बापाची रीत सहृदय मुलाला झेपत नाही.

दहशतीबद्दल थोडे. कैद्यांना फाशी देऊन दहशत वाढवता येते आणि भेदरलेले मांडलिक बंड करत नाहीत. परंतु ती काळानुसार ओसरते आणि वारसाला मिळत नाही. दहशतीवर चाललेली कारकीर्द शांत दिसते व तिच्या अखेरीस सगळी बंडे एकदम वारसाच्या अंगावर येतात.

युद्ध

युद्धासाठी निमित्त लागते. दरबारी धर्मगुरू शेजारच्या काउंटीवर दावा तयार करू शकतो. विवाहातून व वंशातून आलेले दावे, परंपरागत हद्दीचा हक्क आणि धर्मयुद्ध हे इतर मार्ग. दावेदाराला आपल्या दरबारात आसरा देऊन त्याच्या नावाने युद्ध करता येते, मात्र विजयानंतर तो आपला मांडलिक राहील की स्वतंत्र होईल हे आधी तपासावे.

भरतीच्या फौजेची संख्या फसवी असते. थोडी पण कसलेली पथके तिला भारी पडतात. तिरंदाज हे हलक्या झुंजार पायदळावर, ते पायदळ जड पायदळावर, जड पायदळ भालेकऱ्यांवर आणि भालेकरी घोडदळावर मात करतात; हलके घोडदळ तिरंदाजांना उधळते. भूप्रदेशाचा परिणाम मोठा असल्याने डोंगरात थांबून शत्रूला चढ चढू द्यावा, नदी ओलांडून हल्ला करू नये. शत्रुराजा स्वतः कैद झाला तर युद्ध तेथेच संपते. शेजाऱ्यावर स्वारी करण्याची उत्तम वेळ म्हणजे त्याच्या घरात सत्तांतर झाले असेल ती, आणि शेजारीही आपल्याविषयी हाच विचार करत असतो.

विवाह

विवाहाचे दोन हेतू असतात, मैत्रीकरार आणि संतती. तल्लख बुद्धी, बळकट शरीर, सौंदर्य हे जन्मजात गुण पुढच्या पिढीत उतरू शकतात, म्हणून अनेक खेळाडू गुणांसाठी जवळच्या नात्यात विवाह करतात व दोन-तीन पिढ्यांत दुबळी संतती पदरात पडते. राजकन्या वारस असल्यास तिचा विवाह मातृवंशीय पद्धतीने करावा, अन्यथा तिची मुले जावयाच्या घराण्याची होतात. ही एक खूणचिठ्ठी विसरल्याने दोनशे वर्षांचे घराणे संपल्याच्या तक्रारी खेळाडू नेहमी करतात.

मर्यादा व नंतरचे बदल

मूळ आवृत्तीत भारतातील राज्यांनाही युरोपीय सरंजामी साचाच लावला होता. राष्ट्रकूट वा चालुक्य काळातील महासामंतांचे संबंध, अग्रहार व देवदान जमिनी, व्यापारी श्रेणी यांचे चित्रण त्यात जवळजवळ नाही. विद्यार्थ्यांनी खेळातून दख्खनचा इतिहास शिकू नये. इतिहास वाचून मग खेळ खेळल्यास तो अधिक रंगतो. खेळात खून, छळ व व्यभिचाराचे प्रसंग असल्याने तो लहान मुलांसाठी नाही.

'रोड्स टू पॉवर' विस्ताराने बायझंटाइन साम्राज्यासाठी प्रशासकीय शासनपद्धती आणली. तेथे प्रांत मुलांत वाटले जात नाहीत. घराणी 'प्रभाव' नावाचे चलन खर्चून आपल्या माणसांच्या सुभेदारपदी नेमणुका करवून घेतात. त्याच विस्तारात भूमिहीन साहसी व्यक्ती म्हणून खेळण्याची सोय झाली, त्यामुळे राज्य गमावलेल्या राजाला मूठभर सोबत्यांसह छावणी घेऊन भटकता येते आणि पुन्हा सिंहासनाचा प्रयत्न करता येतो.